बाईंचं आभाळ

बाई, तुमचं आभाळ आमच्या कंपनीच्या रिसेप्शनमध्ये लागलंय आणि त्याच्याखाली सही माझी आहे. हे आधीच सांगून टाकतो. इकडचं तिकडचं बोलत बसलो तर मुद्द्यावर यायचोच नाही, आणि माझी ती खोड तुम्हाला चांगलीच माहीत आहे.

तुम्ही चाकणच्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवायला संत तुकाराम नगरहून स्कूटरवर यायचात. शाळा संपवून मी आयटीआयला गेलो तरी रविवारी आभाळ भरून आलं, की तुम्ही आमच्या शेताच्या बांधावर हजर आणि शेजारी मी. लोक ऊन पडलं की बाहेर निघतात, तुम्ही ऊन गेलं की. आई चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "बाई, चांगल्या दिवशी या की कवातरी." तुम्ही हसायचात, पदर खोचायचात आणि बोर्ड मांडीवर घ्यायचात. "उन्हात सावल्या पळत असतात हो, त्यांच्यामागे धावावं लागतं. ढगात उजेड कसा एका जागी बसून राहतो." एकदा मी ढगात बाटलीतला काळा रंग घातला, तर तुम्ही माझ्या हातातून ब्रशच काढून घेतलात. "काळा कुठं दिसला तुला? ढग आहे तो, चुलीवरचं पातेलं नाही." मग निळ्यात विटकरी मिसळून तुम्ही जो करडा केलात, तो मला अजूनही तसा जमत नाही.

दमट हवेत कागद वाळायचा नाही. मग तुम्ही स्कूटरचं बाजूचं झाकण काढून इंजिन चालू ठेवायचात आणि ओलं आभाळ त्याच्यावर पापडासारखं शेकायचात. चित्राला पेट्रोलचा वास यायचा. पण बहुतेकदा तेवढ्यात पाऊस यायचा आणि खालची जमीन कोरीच राहायची. आबा म्हणायचे, "आमची जमीन काढा की बाई, नुसतं आभाळच नेताय व्हय?" तुम्ही म्हणायचात, "जमीन कुठं पळून जातेय? ती काढू सावकाश." त्या शेवटच्या रविवारीही तसंच झालं. आभाळ वाळत आलं होतं, भुरभुर सुरू झाली आणि तुम्ही कागद आमच्याच घरी ठेवलात. पुढच्या ढगाळ रविवारी येते म्हणालात. त्या आधीच तुम्ही दवाखान्यात दाखल झालात, आणि मग गेलातच. कागद आमच्या कपाटावर राहिला. तुमच्या घरी नेऊन द्यायला हवा होता. नेऊ, नेऊ म्हणत राहिलो, आणि खरं म्हणजे तो मला हवा होता.

जमीन मात्र पळाली, बाई. आम्ही ती विकली. आपण बसायचो त्या बांधावर आता ट्रक उभे असतात. रात्रपाळीचे ड्रायव्हर तिथं स्टोव्हवर भात शिजवतात.

यंदा कंपनीनं कामगारांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. मी चार चित्रं काढली आणि चारही फाडली. मग कपाटावरून तुमचा कागद काढला. आभाळ तयारच होतं, मला फक्त खालचं शेत भरायचं होतं. समोर शेत नव्हतं म्हणून आठवणीनं भरलं, आणि बांधावर एक आंब्याचं झाड काढलं. बाईंचं राहिलेलं काम पुरं करतोय, असं त्या वेळी मी स्वतःला समजावलं. मग ब्रश धुतला आणि कोपऱ्यात माझं नाव घातलं.

आमचे मोठे साहेब चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "जमीन ठीक आहे. पण आभाळ काय काढलंय राव!" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "थँक यू सर." तिथल्या तिथे चित्र रिसेप्शनला लावायचं ठरलं, आणि साहेबांनी कॉन्फरन्स रूमसाठी दुसरं मागितलं. आभाळ अगदी असंच हवं, म्हणाले.

घरी मोबाइलवर आबांना फोटो दाखवला. त्यांना आता कमी दिसतं. त्यांनी मोबाइल डोळ्याजवळ नेला, लांब धरला. "आभाळ बाईंचं हाय," म्हणाले. "पन शेत आपलं न्हाई. आपल्या बांधाला बाभूळ व्हती. आंबा कुठला काढलास?" मी म्हणालो, आंबा चांगला दिसतो. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बाईंचं नाव कुठं लिवलंय?" मी मोबाइल परत घेतला आणि चार्जिंगला लावला.

काल गुरुवार, आमच्या सुट्टीचा दिवस. आभाळ भरलेलं होतं. बोर्ड घेऊन तळेगावच्या रस्त्याला एका माळावर जाऊन बसलो. निळा घेतला, विटकरी घेतला, काळ्याला हात लावला नाही. ढग मोठा होता आणि उजेड खरंच एका जागी बसून होता. कागद मात्र वाळेना. सवयीनं उठून गाडीकडे गेलो, आणि गाडीपाशी उभं राहिल्यावर लक्षात आलं, की माझी स्कूटर बॅटरीची आहे. तिच्यावर कागद शेकायचा तरी कुठं? वाट बघवली नाही, ओल्यातच पुन्हा ब्रश लावला आणि आभाळभर फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे डाग उठले. त्या माळावर मी एकटा, आणि तरी मान वर करवत नव्हती.

ते डागाळलेलं आभाळ मी फाडलेलं नाही. त्याच्याखाली समोरचा माळ काढला, जसा होता तसा, विजेच्या खांबांसकट. शनिवारी तेच साहेबांसमोर ठेवणार आहे. ते विचारतील, पहिल्यासारखं आभाळ का नाही? मग सांगावंच लागेल. आपणहून तोंड उघडायचं धाडस माझ्यात नाही, म्हणून हे फसलेलं चित्र पुढे करतोय. तुम्हाला हे आवडलं नसतं, माहीत आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. कपाटावर कागदाची जागा रिकामी आहे, तिथं ठेवतो. एकच राहिलं. 'थँक यू सर' म्हणताना मी खोटं बोलत नव्हतो, बाई. तेवढा वेळ मला खरंच वाटलं होतं, की ते आभाळ मीच काढलंय.