भिंतीवरचा पेरू

बाबा, तुम्हाला जाऊन चाळीसेक वर्षं होत आली आणि मी आज लिहायला बसले आहे. निमित्त माझ्या नातीचं. तिला बाल्कनीच्या भिंतीला चिकटून डाळिंब चपटं वाढवायचंय, आणि फांदी कशाने बांधायची ते तिने मला विचारलं. मी पटकन म्हणाले, केळीच्या सोपटाने, सुंभ साल कापतं. मग दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

गोव्याला जायला तेव्हा अजून परवाना लागायचा. वाटण्या झाल्या आणि आपल्या वाट्याला मागल्या दारी जेमतेम चार हात रुंद परसू आलं. त्यापुढे दगडांचा गडगा, आणि गडग्यापलीकडे मोठे काका. मुंबईला बंगल्यावर माळीकाम करताना शिकलेली विद्या तुम्ही गावच्या त्या परसात लावलीत. घराच्या चिऱ्याच्या भिंतीला बांबूच्या कांबी ठोकल्यात आणि त्यांवर पेरू पसरवायला घेतलात. फांदी कोवळी असतानाच वळवायची, तीही दिवसाला बोटभर. मी केळीच्या खोडाचं सोललेलं, भिजवलेलं सोपट घेऊन उभी. काका गडग्यावरून हसतात, "झाडाक सुळावर दिलंस काय रे?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "माझा झाड माझ्या हद्दीत रवाक होया, दादा." थट्टेत का होईना, दोघे बोलत होतात.

तिसऱ्या वर्षी झाड लगडलं. काकांची मुलगी माझ्याच वयाची. आम्हाला एकमेकींकडे जायची बंदी, म्हणून ती पलीकडून नुसती बघत राहायची. मला राहवलं नाही. एका दुपारी मी भरल्या फांदीचं सोपट सोडलं आणि फांदी गडग्यावर झुकली.

संध्याकाळी तुम्ही ते पाहिलंत आणि भडकलात. "दादा, तुमीच ओढून घेतलास. पेरू खावचे होते तर मागूचे होते!"

"देवाशपथ, मी हात लावूक नाय."

तुम्ही कोयता आणून फळांसकट फांदी छाटलीत. काका त्यानंतर तुमच्याशी कधीच बोलले नाहीत. तुम्ही गेलात त्या दिवशीही ते गडग्यापाशीच उभे राहिले, रडत होते, पण आत आले नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी टाकलं नसतं. घाबरून गप्प बसले, असं आजवर स्वतःला सांगत आले. खरं सांगू, बाबा? तुमचा राग माझ्यावर न येता काकांवर गेला, याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.