शेवंतीचा नैवेद्य

दर्यापूर, कार्तिक वद्य पंचमी, दिवेलागण

आज शेवंतीच्या राखेत मुंग्या नव्हत्या. दोनदा कंदील नेऊन पाहिलं.

आमची ही मांजर, शेवंती, गेला महिना रांजणापाशीच बसलेली, पाणी पिऊन पिऊन वाळत चाललेली. त्यात कानातून पू. दुधाची वाटी चाटली की कान ओरबाडत सुटायची, आणि मी वेडी नुसतं कानात तेल घालत बसले! परसातल्या राखेत ती लघवीला जाते, तिथल्या मुंग्या सासूबाईंनी पाहिल्या. "पोरी, इले माहीच बिमारी झाली वो." अमरावतीच्या डॉक्टरांनी त्यांचा मधुमेह ओळखला तोही मोरीतल्या मुंग्यांवरूनच.

आमच्याकडे देवाला रोज साखर घातलेल्या दुधाचा नैवेद्य. अर्धा सासूबाई घेणार, उरलेला शेवंतीला. प्रसाद टाकायचा कसा? डॉक्टर रागावले, मी पाया पडले, पण सासूबाईंचा तो घोट काही सुटला नाही. आणि मांजरासाठी? दुसऱ्याच दिवशी त्यांनी देवापुढे दुधाऐवजी ठेवली मळ्यातली फुलं आणि तुळशीचं पान!

मी विचारलं, "देव रागावला तर?"

"त्याले समजते. इले सांगून समजत नाही."

आता शेवंतीला दूध नाही, साखर नाही, उकडलेलं अंडं तेवढं. कान सुकला. हे लिहिताना माझ्या मांडीवर झोपली आहे. हिचे उपकार कसे फेडू? मघाशी परत येताना कंदील घेऊन मोरीतही डोकावले.

तिथेही मुंग्या नव्हत्या.