मोहाखालचा पंधरवडा

१८ नोव्हेंबर १९५८
बाबांना घेऊन यवतमाळ. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. डावाही धुरकटतो आहे, पण कमी. डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, पुढच्या थंडीत ऑपरेशन. बाबांनी एवढंच विचारलं, "मंग बंदूक?"
ऑपरेशननंतर बंदुकीचा दणका डोळ्याला चालणार नाही, डॉक्टर म्हणाले. कधीच.
मोटारीने मारेगावपर्यंत. उतरताना म्हणाले, "म्हंजे याच हंगामात."

२१ नोव्हें.
परवाना एका चितळाचा. नर. पंधरा दिवस. हंगामात एकदाच, पंधरवडा कुठला ते आपण लिहून द्यायचं. माझं मत डिसेंबर. आज दिसतं तेवढं पुढे दिसणार नाही.
बाबा : "मोह पडन तवा."
म्हणजे मोहाची फुलं गळतात तेव्हा, मार्चमध्ये; नराची शिंगंही तोवर पक्की होतात. मी म्हटलं, तोवर डोळा? बाबा काडतुसांचा डबा पुसत बसले.
आई चुलीपुढून, "बसा दोघं. शिंगं पिकाची वाट पाहा, तिकडं डोळा पिकून राह्यला."

३० नोव्हें.
ताई आणि भाऊजी राजूरहून. भाऊजी कोळशाच्या खाणीत कारकून; शिकारीविषयी मत असतंच. त्यांचं म्हणणं मे महिना. "उन्हाळ्यात जंगलात एकच डोह राह्यते, मामाजी. आपण नुसतं बसाचं, तो येते. आंधळ्यालेही..."
थांबले. ताईने पान खाली ठेवलं.
बाबा हसले. "पान्यासाठी आलेल्याले मारनं हाय ते, जावईबापू. अन् मे महिन्यात मले डोह तरी दिसन काय?"

१४ डिसेंबर
पहाटे बाबांबरोबर हरभऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. कळप आला. नराच्या शिंगांवर अजून लव, टोकं फुगीर, मऊ. माद्यांच्या पायांत पिल्लं. बाबांनी बंदूक आणलीच नव्हती.
"पाह्य आता. सांग, कोनाले मारू?"
मागे रान दाट. कळप वळला आणि नाहीसा झाला.
परतताना त्यांना बांध दिसला नाही. हात धरला. त्यांनी सोडवून घेतला.
अर्ज लिहिला. मार्चचा दुसरा पंधरवडा. सही त्यांनी केली. ओळीच्या बरीच खाली.

११ जानेवारी १९५९
सुट्टीच्या दिवशीही शाळेच्या वह्या तपासायच्या. त्या बाजूला ठेवून बाबांचा सराव. आंब्याच्या बुंध्याशी मडकं, चुना लावलेलं. काडतुसं वाया घालवायची नाहीत, नुसता नेम. मी नळीमागून पाहते आणि सांगते.
नळीच्या टोकाची माशी त्यांना दिसत नाही. नेम धरायचा पितळेचा एवढासा मणी. मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

१२ जाने.
घरात कापसाची गंजी छतापर्यंत. एक बोंड सोडवलं, सरकी काढली, बोटांत वळून धावड्याच्या डिंकाने माशीवर चिकटवलं.
"दिसते," म्हणाले. मग, "लगित चांगलं दिसते."
आई : "आता बंदुकीलेही वाती लावा."

८ फेब्रुवारी
मडक्याचा चुना धुतला. हरणाच्या रंगाचं हवं. नेम आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग कुठेच नाही. डाव्या खांद्याला लावून पाहा म्हटलं. तो डोळा बरा आहे.
"डाव्या हातानं जेवू काय आता?"
विषय बंद.
पळस फुलला. त्यांना लाल दिसतं. फूल दिसत नाही.

१७ मार्च
परवान्याचा दुसरा दिवस. आम्ही दोघं आणि छकडा. नाल्यापलीकडे मोहाचं मोठं झाड, पानं झडलेली. खाली फुलांचा सडा. वास घशात बसतो. बाबांची निवड बरोबर होती : रान उघडं, चितळ रोज इथे येणारच. खुरांचे ठसे ताजे.
बांबूच्या बेटाआड बसलो. आज माद्याच.

२० मार्च
आला.
आधी ओरडला. बाबांचं डोकं लगेच तिकडे. मग पाचोळा. मग मोहाच्या पलीकडून बाहेर, एकटा. लव गेलेली, शिंगं खोडासारखी करडी, टोकं पांढरी. मान जाड. फुलं वेचायला खाली वाकला. आडवा उभा. याहून जवळ येत नाही.
बाबा कानाशी, "शिंगं साफ हायत?"
"हो."
बंदूक उचलली. हात स्थिर होते, हे लिहून ठेवते. माशीवरचा कापूस पहाटेच्या उजेडात स्वच्छ दिसत होता. नळी झाडाकडे होती, त्याच्याकडे नव्हती. मी म्हटलं, थोडं डावीकडे. नळी सरकली. आणखी. तो मान वर करून पाहू लागला.
बाबांनी बंदूक मांडीवर घेतली.
"कापूस दिसते. कापसाच्या मागं काही नाई."
मी सांगते तसं धरा, म्हटलं.
"पोटात लागली तं? दोन दिवस मरत फिरन तो. तू शोधशीन?"
तो फुलं खात राहिला. बराच वेळ. मग गेला.

२१ मार्च
घरीच. डिसेंबरात दिसला असता. हे मी बोलले नाही. आई बोलली. बाबा म्हणाले, "दिसला असता. मारला नसता."
दुपारी मला बोलावलं. "सांग, कसा होता."
मी सुरुवात केली, रुबाबदार...
"ते नको. तोंड कुनीकडं होतं? पाय कोनता पुढं?"
सांगितलं. तोंड नाल्याकडे. पुढचा उजवा पाय पुढे. ऊन मानेवर, पोट सावलीत. डोळे मिटून ऐकलं. पुन्हा सांगायला लावलं.
भाऊजींचा निरोप, मेमध्ये डोहाचं काय ठरलं. बाबा म्हणाले, परवाना एकच हाय म्हनून सांग.

२४ मार्च
शाळेतून आले तर आई अंगणाच्या दारातच उभी. बोटाने गप्प राहण्याची खूण.
बाबा आंब्यासमोर पाटावर. बंदूक डाव्या खांद्याला. मान अवघडलेली, उजवा डोळा फडक्याने बांधलेला. बुंध्याशी मडकं, धुतलेलं, चुना नसलेलं. बोट घोड्यावर नीट बसत नाही. खाली ठेवतात, पुन्हा उचलतात.
मी मागे जाऊन बसले. नळीवरून पाहिलं.
"सांग."
"वर. जरा खाली. आता..."
नळी मडक्यावर होती. मग ढळली. मग पुन्हा आली.
आई म्हणाली, "जेवन तं उजव्याच हातानं कराल ना?" त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं.
अंधार पडेपर्यंत. उठताना विचारलं, "झाडावर मोह अजून हाय?"
शेंड्याला आहे, म्हटलं. खालच्या फांद्या रिकाम्या झाल्या.
"मंग पहाटे छकडा जुप."
कापूस मळला होता. नवा लावला.