बेणं

गुरुवार, संध्याकाळ. माजलगाव.

मी हसायला नको होतं.

आज बी.एस्सी.च्या वर्गात समुद्री स्पंज शिकवत होतो. स्पंजात अंड्यांसाठी वेगळ्या पेशी राखलेल्या नसतात. वेळ आली की दुसरी कामं करणाऱ्या साध्या पेशींचीच अंडी होतात. आपल्यात मात्र त्या पेशी जन्माआधीच बाजूला काढलेल्या. हा फरक कोण सांगेल, विचारलं, तर मागच्या बाकावरची सविता उठली.

"सर, स्पंज उसावानी हाय. कुठल्याबी कांडीचं बेणं होतं. आपण ज्वारीवानी, बी फकस्त कणसात."

बेणं म्हणताच वर्ग खिदळला. शिवीच ना ती. अन् मीही हसलो. वर म्हणालो, "पुस्तकातला शब्द सांग." ती खाली बसली.

बारा वर्षं हा धडा शिकवतोय. प्राण्यांनी बी वेगळं राखायला कधी अन् का सुरुवात केली, हाच त्यातला खरा प्रश्न. पण स्पंजातला अन् आपल्यातला फरक इतका सोपा करून मला एकदाही सांगता आला नाही. अन् माझा बाप ऊसवाला. लागणीच्या वेळी मी बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या, तोडायचो, चुकलो की तो मलाच बेणं म्हणायचा. मग हसलो कशाला? पोरांना बरं वाटावं म्हणून? की शब्द घरचा निघाला म्हणून?

पाचला स्टँडवर सविता दिसली. म्हणालो, तुझं उत्तर बरोबर होतं.

"ठावं हाय, सर. पोरं हसली त्याचं काई न्हाई. तुमी कावून हसलात?"

तेवढ्यात तिची गाडी लागली, अन् मला हायसं वाटलं.