शेअरवाल्यांपुढे काढलेली तुझी आठवण

ती. इमसूनताईस,

धाकट्या जोंगरिमचा कोरियातून वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावजींची साखर आटोक्यात आली का? (हे सगळं मला तुझ्या भाचीकडून कळलं. लग्नाआधी केस कुरळे करून घ्यायला ती माझ्या पार्लरमध्ये आली होती. तुझा पत्ताही तिनेच दिला. मी तिच्याकडून पैसे घेतले नाहीत, पण केस जरा जास्तच कुरळे झाले.) आमच्याकडे हिवाळा असतो तेव्हा तुमच्या ब्राझीलमध्ये उन्हाळा असतो म्हणे. त्यामुळे ‘थंडीत जप’ लिहावं की ‘उन्हात फिरू नकोस’ लिहावं, हे सदतीस वर्षांत माझं ठरलं नाही, आणि पत्र राहून गेलं. कारण लंगडं आहे, मला ठाऊक आहे. तू सुरुवातीला दोन भेटकार्डं पाठवली होतीस, ती मिळाली होती.

इकडे गावाला वेड लागलंय. आपल्या कंपनीने, म्हणजे जिथे आपण दोघी तीन नंबरच्या लाइनवर उभ्या असायचो त्याच कंपनीने, नवी वेगवान मेमरी काढली आहे. स्वतःचं डोकं चालवणाऱ्या कॉम्प्युटरांना म्हणे तीच लागते. झालं! सोलचे, अमेरिकेचे, कुठकुठले लोक तिच्या शेअरमागे लागले, आणि गावाने तरी का मागे राहावं? मासळीवाली एका हाताने मासा तोलते आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर भाव बघते. मासा कमी भरतो, पण गिऱ्हाइकाचंही लक्ष फोनवरच असतं. अशात एकदा आमची टोफूवाली गुकबाई डोक्यात रोलर अडकवलेले असताना म्हणाली, “अगं, तू तर त्याच कंपनीत होतीस ना? मग सांग की, ही नवी मेमरी म्हणजे असतं तरी काय?”

मला काय माहीत, असं म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. पण ताई, आजवर कुणी माझ्याकडे इतक्या आदराने वर मान करून बघितलं नव्हतं (रोलरमुळे तिला मान खाली करता येत नव्हती, ही गोष्ट वेगळी). टीव्हीवर ऐकलेलं मी ठोकून दिलं. पूर्वी चिपा बैठ्या घरांसारख्या पसरून ठेवायचे, आता एकावर एक रचून उंच इमारत करतात आणि मधून आरपार लिफ्ट काढतात, म्हणजे माल रस्त्याने हिंडत बसत नाही. “मग वरच्या मजल्यावर उकडत असेल,” गुकबाई म्हणाली. “तेच तर खरं दुखणं आहे!” मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेअर घेतले, आठवड्यात ते वाढले, आणि मी गावातली जाणकार ठरले.

मग रीघच लागली. निवृत्त मेंग गुरुजीसुद्धा आले. डोक्याचा चकचकीत गोटा, कानांपाशी चार केस. खुर्चीत बसले आणि हळूच विचारलं, “अजून वर काही आहे का?” मला वाटलं केसांबद्दल विचारताहेत. मी प्रामाणिकपणे सांगितलं, “गुरुजी, वर आता काही राहिलेलं नाही.” त्यांनी त्याच दुपारी सगळे शेअर विकून टाकले. दोन दिवसांनी भाव घसरला! तेव्हापासून माझ्या तोंडून निघालेला शब्द लोक कागदावर टिपून घ्यायला लागले.

आता खरी फजिती ऐक. सोलहून गुंतवणूकदारांच्या एका मंडळाची बस कंपनी बाहेरून बघायला आली. (आत कोण सोडतंय!) जेवणानंतर हॉटेलच्या हॉलमध्ये माझं भाषण ठेवलं होतं. फलकावर लिहिलं होतं, ‘माजी तंत्रज्ञ’. तंत्रज्ञ! आपण चिमट्याने सिलिकॉनच्या चकत्या उचलायचो. इमारत आणि लिफ्ट सांगून झाल्यावर एका मुलीने विचारलं, त्या काळी आत कसं वाटायचं? आणि ताई, तिथेच माझा पाय घसरला. मी सांगत सुटले. पांढऱ्या पोशाखात फक्त डोळे दिसायचे, तरी चाळीस जणींत मी तुला ओळखायची, कारण हसताना तुझी डावी पापणी जरा जास्त मिटायची. कंपनीच्या वसतिगृहात चोरून भाजलेल्या रताळ्याचे दोन तुकडे करून तू मोठा मला द्यायचीस आणि म्हणायचीस, मला मोठा चावतच नाही. आपण दोघी मिळून एक खोली भाड्याने घेणार होतो, तिला पिवळे पडदे लावणार होतो. मग तो ट्रे. मी अडखळले, चकत्यांचा अख्खा ट्रे खाली गेला, आणि मी तोंड उघडायच्या आत तू पुढे होऊन म्हणालीस, “माझ्या हातून पडला.” तुला कामावरून काढलं, आणि शनिवारी तुझं अंथरूण गुंडाळलेलं होतं. एवढं सांगून मी साठ अनोळखी माणसांपुढे हमसून हमसून रडले.

मग मागच्या रांगेतल्या एका गृहस्थाने हात वर केला. “म्हणजे कंपनीत माल बराच फुटतो, असं तुमचं म्हणणं आहे का?”

साठ फोन एकदम बाहेर निघाले. दुसऱ्या दिवशी भाव कोसळला. टीव्हीवाले म्हणाले अमेरिकेतल्या कुठल्याशा बातमीमुळे, पण बाजारात कुणाला पटतंय? “रडायचंच होतं तर बाजार बंद झाल्यावर रडायचंस!” गुकबाई दुकानाच्या पायरीवरूनच ओरडली. दोन आठवडे एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही. मग भाव पुन्हा चढला, गुकबाई गरम टोफू घेऊन आली, गुरुजींचे चार केस वाढले, सगळं होतं तसं झालं.

मीच तेवढी होते तशी झाले नाही. इतक्या वर्षांत तुझं नाव मी मोठ्याने पहिल्यांदाच घेतलं होतं आणि ते आता तोंडातून जात नाही. पार्लरचं दार वाजलं की मी आधी पापणी बघते. आपलं वसतिगृह पाडून तिथे गाड्या लावायची जागा केली आहे. रविवारी मी तिथे जाते, आपली तिसऱ्या मजल्यावरची खिडकी जिथे होती त्याच्या बरोबर खाली दोन गाड्यांच्या मधे उभी राहते आणि वर बघते. वर नुसतं आभाळ. परवा रखवालदाराने विचारलं, “आजी, तुमची गाडी कुठली?” मी म्हटलं, “गेली ती.” बिचारा माझ्याबरोबर अर्धा तास शोधत हिंडला.

भावजींना नमस्कार. कंबरेला शेक देत जा.

तुझीच,
जोंगरिम

ता. क. शेअर घ्यावेत का, असं भावजी विचारतील. मला विचारू नका. माझ्याकडे एकही नाही. हे इथे कुणाला कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. हॉलमध्ये मी एक खोटं बोलले. ‘मी तोंड उघडायच्या आत’ असं काही नव्हतं. सुपरवायझरने तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा मी माझ्या बुटांकडे बघत होते. तू वाट बघितलीस, आणि मग बोललीस. तुझी भेटकार्डं आली तेव्हाही मी तेच केलं.

ता. क. तिसरा. मी पासपोर्ट काढला आहे. विमानात बसायची भीती वाटते, पण बसेन. मी यावं का, एवढंच विचारायला हे सगळं लिहिलं. ‘येऊ नकोस’ असं उत्तर आलं तरी चालेल, ताई. फक्त ते भाचीकरवी कळवू नकोस, तुझ्या हाताने लिही.