चार रेघांची चकती

३ जून
आले एकदाची! मामांनी शब्द टाकला म्हणून नोकरी लागली, नाहीतर माझ्यासारख्या वेंधळीला कोण विचारतंय? खोली ऐसपैस, खिडकीत ऊन. काम तर गमतीचंच. प्रिंटर धातूच्या शाईचे थर चढवत तिळाएवढी चकती छापतो. तिच्यावर चार रेघा, प्रत्येक रेघ वेगळ्या तापमानाला वितळणारी. चकती अणुभट्टीतल्या चाचणीला जाऊन आली, की कुठली रेघ वितळली ते भिंगाखाली बघायचं. तेवढी उष्णता तिथे होती असं धरायचं. माझ्याआधीची मुलगी काम सोडून गेली म्हणे.

९ जून
मामा सगळ्यांदेखत म्हणाले, भाचीची नजर घारीची आहे. मी फुगलेच! आज नवी मागणी आली. रेघा अडतीस, चाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस अंशांच्या. मला हसू आलं. भट्टीत शेकड्यांनी अंश असतात, तिथे ही कोमट चकती कशाला? मामा म्हणाले, तू फक्त वाच.

१२ जून
परत आलेल्या चकतीची पहिली रेघ वितळलेली, बाकीच्या शाबूत. तसं लिहून दिलं. चकतीच्या पाठीला कातडीचा पापुद्रा होता. त्यावर लव. माणसाची.

१३ जून
चाळीसचीही गेली. मामांना विचारलंच. ते चहा पीत म्हणाले, माणूस किती आच सोसतो हेही कुणीतरी मोजायला हवं की. आधीची मुलगी आहे आत. तुझं वाचन आल्याशिवाय आम्ही आच वाढवत नाही.
म्हणजे मीच तिला भाजतेय.

१४ जून
बेचाळीसची शाबूत होती. मी लिहिलं, चारही वितळल्या. चारही गेल्या की चाचणी संपते. मामांनी स्वतः भिंग लावलं. रागावले नाहीत. म्हणाले, इथली रीत आहे पोरी, वाचन चुकलं की आत जाऊन पडताळायचं. तुझ्या आईला मी समजावेन.

१५ जून, सकाळ
आत आहे. दंडावर चकती मामांनीच चिकटवली, हळुवार फुंकर घालून. ती मुलगी कोपऱ्यात— जिवंत आहे. ओठ फुटलेत. माझा हात सोडत नाही.

दुपार
पहिली रेघ गेली. मामांनी भिंग आत सरकवलं— तिच्या हाती. काचेमागून म्हणाले, नेमकं वाचलंस तर बाहेर—

मी पाया पडले तिच्या. वाचू नकोस म्हटलं. वाचलं नाहीस तर आच वाढणार नाही, दोघी वाचू— तिनं मान हलवली. डोळे पुसले माझे—

मग मोठ्यानं म्हणाली, तीन शाबूत.

दार उघडलं. ती गेली— वळूनसुद्धा— दार लावलं. मामा लिहून घेतायत. आच वाढ