बायबलातली खूण

अहो,

चहा थर्मासमध्ये आहे. चर्चमध्ये खुर्च्या मांडायची पाळी आज आपली, म्हणून मी लवकर निघाले.

चर्चच्या पाळकांशी बिनसल्यापासून तुम्ही म्हणता, देव घरीही भेटतो. भेटत असेल. पण तुमच्या बायबलातली खूण तेव्हा होती तिथेच आहे. वरची धूळ मीच पुसते, म्हणून ठाऊक.

खालचा शिंपी काल म्हणाला, "वहिनी, मला चर्चची वाट दाखवली ती दादांनी. तेच येत नाहीत, तर मी तरी कशाला जाऊ?" मी म्हटलं, दादा घरी रोज वाचतात, त्यांच्याजवळ येऊन बस.

तो नऊला येईल. तोवर माझं बोलणं आजच्यापुरतं तरी खरं करून ठेवा.